चुळीचा पेला

शिरवण्यात हळदीचा सीझन सुरू झाला की सगळ्यात आधी माझ्या ट्रेमधला आरसा नाचतो. परवा नाचला. समोरच्या गल्लीत कुणाच्या तरी मांडवात डीजेनं पहिला ठोका दिला आणि आरसा, चिमटा, दात तपासायची सळई, तिघेही ट्रेमध्ये उठून उभे राहिले. खुर्चीतल्या माणसाची दाढ मला ठोकून बघावी लागली नाही. बास वाजला, तो "आई गं" म्हणाला, मी दाढेचा नंबर लिहून घेतला. एक्स-रे एखादे वेळी खोटं बोलेल, शिरवण्याचा डीजे बोलणार नाही.

इथे लग्न ठरलं की आधी हॉल बघतात, मग डीजे, मग दाताची डॉक्टर. नवऱ्याला फोटोपुरते पांढरेशुभ्र दात हवे असतात, नवरीच्या आईला सोन्याची टोपी, आणि मामालोकांना मटणाची नळी फुटेल अशी कवळी. बायका कोपरापर्यंत हळद घेऊन तशाच खुर्चीत बसतात. माझा दिवा पिवळा, ड्रिलचं हँडल पिवळं, नळ पिवळा. एका वैशाखात माझा पांढरा एप्रन धुऊन धुऊन असा काही रंगला की जुईनगर स्टेशनसमोर एका रिक्षावाल्यानं मला भन्तेजी समजून हात जोडले आणि मीटर न टाकता दवाखान्यापर्यंत आणून सोडलं. मी आशीर्वाद दिला आणि उतरले.

लोकांना मोगऱ्याच्या वासानं कुणीतरी आठवतं, डोळे ओले होतात वगैरे. मला हळद आणि लवंगेचं तेल यांचा वास एकत्र आला की एक पाटी आठवते. डोळे कोरडे ठणठणीत राहतात. हातातला दात उपटायचा चिमटा मात्र कुणाच्या तरी बोटावर चालवून बघावासा वाटतो.

ते बोट शिरीषचं.

शिरीष म्हणजे तेव्हाचा माझा पार्टनर. दोघांनी मिळून शिरवण्यात नामदेवदादांच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर दवाखाना काढला होता. नामदेवदादा मूळ गाववाले. कधीकाळी त्यांची भातशेती होती, आता तिथे त्यांच्या तीन बिल्डिंगा उगवल्या आहेत आणि एकीलाही खत लागत नाही. शिरीष हुशार, हात हलका, बोलणं तूप घातल्यासारखं. त्या वर्षी थंडीत तो वाशीच्या एका हॉटेलात 'पर्यावरणस्नेही दंतवैद्यक' अशा नावाच्या सेमिनारला गेला. गेला तेव्हा डेंटिस्ट होता, आला तेव्हा वनस्पती होऊन आला. खांद्यावर तागाची पिशवी, खिशात बांबूचा ब्रश, आणि तोंडात सारखं 'आपली पृथ्वी'. जणू आमच्या पृथ्व्या वेगळ्या होत्या आणि तो माझ्यावर उपकार म्हणून 'आपली' म्हणत होता.

आठवड्याभरात दवाखान्याचा बोर्ड हिरवा झाला. त्यावर फ्लेमिंगो आला, चोचीत टूथब्रश धरलेला. या शहरात भिंत दिसली की तिच्यावर फ्लेमिंगो रंगवायचा असा नियमच आहे, पण मी शिरीषला म्हटलं, "अरे, फ्लेमिंगोला दात नसतात." तो म्हणाला, "सुजाता, तू फार लिटरल घेतेस." मग वेटिंग रूममध्ये कुंड्या आल्या. इतक्या आल्या की एक पेशंट मनीप्लँटमागे बसला होता तो आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडला. एसी बंद झाला. वैशाखात, नवी मुंबईत, खाडीवरून ओली गरम चादर अंगावर येत असताना! माझ्या कपाळावरचा घाम पेशंटच्या तोंडात पडू नये म्हणून मी कपाळाला ओढणी बांधून दात काढत होते. पेशंट मला बघून आधीच बधिर होत. इंजेक्शन वाचायचं, तेवढंच पर्यावरण.

मी काही पर्यावरणाची वैरी नाही. मला एकच गोष्ट हवी होती. जुन्या काळ्या चांदीच्या भरण्या उकरताना पारा निघतो, तो चुळीबरोबर ड्रेनेजमध्ये जातो, आणि ड्रेनेज शेवटी कुठे जातं ते सांगायला खाडीतला जिताडा मासाच आला पाहिजे. तो पारा अडवणारी एक जाळी मिळते. खुर्चीच्या पोटात, पाइपाला बसवतात. मी शिरीषला म्हटलं, आधी ती आणू. तो म्हणाला, "चांगलीच आयडिया आहे, पण ती पेशंटला दिसणार कुठे?"

त्या वाक्यापाशी मी सावध व्हायला हवं होतं. झाले नाही. दिसणाऱ्या हिरवळीला भुलायची सवय मलाही होतीच.

मग चुळीचे पेले गेले. तुम्ही पाहिले असतील, प्लास्टिकचा पांढरा पेला, मूठ आवळली की टचकन मोडणारा. पेशंट चूळ भरतो, पेला डब्यात जातो. त्याच्याबद्दल मी वाईट बोलू शकत नाही. खाडीत जाऊन तो अमर होतो हे मलाही माहीत आहे. पण त्याला पूर्वज नव्हते आणि वारस नव्हते. तो तुमच्याआधी कुणाचा नव्हता आणि तुमच्यानंतर कुणाचा होणार नव्हता. ज्या देशात माणसानं ओठ लावलेल्या भांड्याला 'उष्टं' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि त्या शब्दानं माणसं शिवायची की नाही ते ठरतं, त्या देशात हा फालतू पेला फार शहाणा निघाला. हळदीच्या जेवणाला बघा ना. पातळ थर्माकोलच्या ताटल्यांवर अख्खं गाव एका रांगेत जेवतं. ताटल्या धुवायच्या असत्या तर किती रांगा झाल्या असत्या देव जाणे.

शिरीषनं स्टीलचे ग्लास आणले. ते मला पटलं. प्रत्येक ग्लास साबणानं धुवायचा आणि आटोक्लेव्हमध्ये टाकायचा. आटोक्लेव्ह म्हणजे आमचा वाफेचा कुकर. त्यातून जंतू जिवंत निघत नाही, भूतसुद्धा निघणार नाही. आमची हत्यारं त्यातूनच निघून लोकांच्या हिरड्यांत जातात, रक्तात माखतात, पुन्हा आत जातात, पुन्हा दुसऱ्याच्या तोंडात. आजवर एका माणसानं विचारलं नव्हतं की डॉक्टर, हा चिमटा आधी कुणाच्या तोंडात होता.

ग्लासाचं विचारलं. पहिल्याच दिवशी.

"आधी कोणी वापरला हा?"

विचारणाऱ्या होत्या माधवीताई. पाम बीच रोडवरच्या एका टॉवरमधून गाडीनं यायच्या, दाढेचं रूट कॅनाल अर्धवट झालेलं. पृथ्वीवर त्यांचं शिरीषइतकंच प्रेम. गॅलरीत गांडूळखत करायच्या आणि गांडुळांची ख्यालीखुशाली आम्हाला सांगायच्या. गांडुळं चालत होती. ग्लास चालेना. मग दुसऱ्यानं विचारलं, तिसऱ्यानं विचारलं. कुणी चूळ न भरता तसाच गिळून मोकळा झाला. एकानं ग्लास हवेत उंच धरून वरून धार सोडली, ती सगळी माझ्या एप्रनवर आली. मी म्हणे, लोकांना स्वच्छतेची काळजी आहे, छान आहे. इतकी मी बावळट.

त्याच दिवसांत आमच्या अण्णांची कवळी मोडली.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे परभणीकडचे. अण्णा सरकारी कचेरीत क्लार्क होते, निवृत्त होऊन माझ्याजवळ सानपाड्याला राहतात. बौद्धाचार्य आहेत, म्हणजे आमच्या लोकांची लग्नं लावतात. त्यांचा आवाज असा की मोरा बंदरावर उभं राहून वंदना म्हटली तर भाऊच्या धक्क्यावर लोक उठून उभे राहावेत. नामदेवदादांच्या नातवाच्या हळदीला आम्ही सगळे गेलो होतो. अण्णांनी मटणाच्या नळीशी वैर धरलं, नळी जिंकली, खालची कवळी दोन तुकडे. आणि पुढच्या आठवड्यात माझ्या चुलतभावाचं लग्न, अण्णांनीच लावायचं. दाताविना अण्णांचा 'स' हवेत विरतो, 'च्छ' ची तर नुसती शिट्टी होते. लग्नात त्रिशरण म्हणायचं, 'सरणं गच्छामि', त्यात ही दोन अक्षरं चुकवून पुढे जाता येत नाही. अण्णांनी सांगून टाकलं होतं, "कवळी झाली तर मी लग्न लावीन. नाहीतर दुसरा माणूस बघा. आपल्या लेकरांच्या लग्नात मी शिट्ट्या मारणार नाही." भावानं दुसरा माणूस बघायला साफ नकार दिला होता.

मी माप घेतलं, लॅबमधून घाईनं कवळी करून घेतली. मधले दोन दिवस मी लग्नाच्या खरेदीत होते, दवाखाना शिरीषकडे. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी कवळी बसवायला मी अण्णांना घेऊन शिरवण्याला आले.

दारावर नवी पाटी. हातकागदाची, कडेला कडुनिंबाची पानं चिकटवलेली, वर हिरव्या शाईत वळणदार अक्षर: 'कृपया चुळीसाठी स्वतःचा पेला घरून आणावा.'

अण्णा थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. आत वेटिंग रूम भरलेली. नामदेवदादा मांडीवर पितळी पेला घेऊन बसलेले. माधवीताईंकडे काचेचा मग. एक नवरदेव तर आदल्या रात्रीच्या पार्टीतला पेगचा ग्लासच घेऊन आला होता, त्याला वास येत होता. प्रत्येकाच्या हातात आपापलं भांडं. दवाखाना कसला, लंगरची रांग वाटत होती, फक्त भांडी वेगळी.

"चला ना अण्णा," मी म्हटलं.

"मी भांडं आणलं नाही, माय," अण्णा म्हणाले. (त्यांचं बोलणं मी इथे दात लावून लिहिते आहे.) ते बाहेरच्या पायरीवर बसले. उन्हात.

शिरीष धावत बाहेर आला. "काका, आत या ना, तुम्हाला कुठे लागतोय पेला!"

"का? मला का नाही लागत?"

"म्हणजे... तुम्ही घरचे."

"कुणासाठी लावली ही पाटी?"

"पर्यावरणासाठी, काका."

"मागच्या आठवड्यात तर स्टीलचे ग्लास होते म्हणे. धुऊन, वाफवून. ते वाईट होतं का पर्यावरणाला?"

"नाही, वाईट नाही. पण पेशंटना जरा... कम्फर्टेबल वाटत नव्हतं."

"म्हणजे पर्यावरणाला उष्टं चालत नव्हतं," अण्णा म्हणाले.

आत कुणीतरी खोकलं. अण्णांना श्रोते मिळाले की ते दातांची वाट बघत नाहीत. पायरीवरूनच त्यांनी आवाज लावला. "आमच्या गावात हाटेल होतं. सगळ्यांचे कप आत, फळीवर. आमचा कप बाहेर, वळचणीला खोचलेला, कान तुटका. आपण काढायचा, त्यानं वरून चहा ओतायचा, आपण प्यायचा, आपणच धुवायचा, पुन्हा खोचायचा. माझ्या बापानं तेच केलं, त्याच्या बापानं तेच. हिशेब करा डॉक्टर, आमच्या एका वस्तीनं किती प्लास्टिक वाचवलं असेल! आम्हाला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही. तुमच्या सेमिनारात जरा नाव सुचवा आमचं."

नवरदेव हसला. मग एकटाच हसतोय हे लक्षात येऊन थांबला.

मी शिरीषला म्हटलं, "काढ ती पाटी."

"सुजाता, प्लीज, पर्सनल घेऊ नकोस. लोक विचारायला लागले होते. नुसतं ग्लासाचं नाही, तुझ्याबद्दलसुद्धा."

"माझ्याबद्दल काय?"

तो माझ्याकडे बघेना, कुंडीकडे बघत होता. "की मॅडम पण यातूनच पाणी पितात का म्हणून. मी सांगितलं, नाही, मॅडमचा ग्लास वेगळा आहे. विषय संपवला मी तिथल्या तिथे. तुझ्यासाठीच."

आजही हे वाक्य मी वैशाखात कधी चहा पिताना, कधी ड्रिल सुरू करताना जिभेवर घोळवते. तुझ्यासाठीच! माणूस तुम्हाला घराबाहेर ठेवतो आणि बाहेर पंखा लावून दिल्याचे उपकार सांगतो. दुष्ट माणसाशी भांडता येतं. या तुपकट चांगल्या माणसांचं करायचं काय? मुठीत येतच नाहीत. मला वेगळ्या ग्लासाचा पत्ता देऊन त्यानं आपल्या मनात माझं रक्षण केलं होतं. आता तो खारघरला असतो. तिथल्या त्याच्या दवाखान्याला म्हणे सबंध भिंतभर उभी बाग आहे. असो बापडी. भिंत लपवायला झाडं चांगलीच.

मी पाटीला हात घातला. चांगली चरचर फाडायची होती, सगळ्यांसमोर. पण हातकागद तो, एकदम चिवट, त्यात लॅमिनेशन करून आणलेली. पर्यावरणाच्या पाटीला प्लास्टिकचं कव्हर! दोन्ही हातांनी ओढली, गुडघा लावला, दातसुद्धा लावले. फाटेना. शेवटी पाटी उतरवून आत नेली, हिऱ्याचं टोक लावलेलं ड्रिल सुरू केलं आणि ती उभी चिरली. दाढेला लागत नाही इतका वेळ लागला, आणि कडुनिंबाची पानं उडून माधवीताईंच्या मगात पडली.

"चला अण्णा."

अण्णा उठले. आत आले, खुर्चीत बसले, आणि म्हणाले, "चूळ भरायला भांडं?"

मी आटोक्लेव्हमधून स्टीलचा ग्लास काढून भरून दिला. अण्णांनी सावकाश चूळ भरली. आमच्या घरात पाण्याची चेष्टा चालत नाही. घोटभर पाण्यासाठी आमची माणसं तळ्यावर चालत गेलेली आहेत. त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि वेटिंग रूमकडे तोंड करून विचारलं, "हा धुऊन, वाफवून पुढच्याला द्यायचा. पुढचं कोण?"

आणि मग मी जे पाहिलं ते कुणाला सांगितलं तर मला थापाडी म्हणतात. तशी मी आहेच, पण हे खरं आहे. माधवीताईंना गॅस चालू राहिल्याचं आठवलं. नवरदेवाला नवरीचा फोन आला, फोन वाजला नव्हता तरी आला. बाकीचे असे गेले की चपला मागून एकट्या चालत गेल्या. नामदेवदादा तेवढे दारात घुटमळले. पितळी पेला धोतराच्या सोग्यात दडवत म्हणाले, "डाक्टरीन बाय, मी काय बोल्लो नाय हां. मना काय नाय त्याचा. पन मांडवान लय काम हाय."

"दादा, हळद तर गेल्याच आठवड्यात झाली तुमची."

"मांडव काढाचा हाय ना," म्हणाले, आणि गेले. ज्यांच्या ताटाला ताट लावून मी त्याच मांडवात जेवले होते, ते गेले. थर्माकोलचं ताट होतं म्हणा.

शिरीष सगळ्यांत शेवटी गेला, लोकांना समजवायला. समजवून तो परत आलाच नाही, हिशोबाला नंतर त्याचा भाऊ आला.

दवाखान्यात आम्ही दोघं उरलो, बाप आणि लेक. सीझनच्या ऐन भरात माझ्याकडे वेळच वेळ. इतक्या निवांतपणे मी जन्मात कवळी बसवली नाही. निळा कागद दातांत धरायला लावायचा, चावा म्हणायचं, जिथे निळं उमटेल तिथे कणभर घासायचं, पुन्हा चावा. अण्णा लहान मुलासारखे तोंड उघडून बसलेले. बाहेर डीजे सुरू झाला. कुणाच्या तरी हळदीचा, बहुधा त्या नवरदेवाच्याच. अण्णांनी त्या दणदणाटात त्रिशरण म्हणून बघितलं. पहिल्या वेळी 'च्छ' सुटला. मी पुढच्या दाताची कड जराशी उतरवली. दुसऱ्या वेळी तो असा लख्ख निघाला की ट्रेमधला आरसा डीजेला सोडून अण्णांच्या तालावर हलला. "आता ऐकू दे त्यांना," अण्णा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा म्हटलं. गरज नव्हती. मी थांबवलं नाही.

लग्न त्यांनीच लावलं. सानपाड्याच्या हॉलमध्ये माईक बंद पडला होता, कुणाला कळलंही नाही.

नवी कवळी पहिले दोन दिवस टोचतेच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले, मी टोचणारी जागा घासून दिली, त्यांनी चूळ भरली आणि गेले. ग्लास धुतला, आटोक्लेव्हमध्ये टाकला. वेटिंग रूममध्ये फक्त कुंड्या. मी त्यांना पाणी घालत होते, त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

दुपारी माधवीताई आल्या. गाल असा सुजलेला की आधी गाल आत आला, मग त्या. अर्धवट सोडलेलं रूट कॅनाल फार वाईट. ते ना गांडूळखत ऐकतं ना मंत्र. त्यांचा नेहमीचा डॉक्टर शिरीष नाही हे कळल्यावर क्षणभर दारात थांबल्या. मग दाढेनं एक कळ मारली आणि त्या खुर्चीत येऊन बसल्या. हातात मग नव्हता, दोन्ही हात गालाला होते.

मी इंजेक्शन दिलं. हलक्या हातानं, खोटं कशाला बोलू. दुखणाऱ्या माणसाशी हातानं वैर करायला मला अण्णांनी शिकवलं नाही. जीभ, ओठ, अर्धा जबडा पूर्ण बधिर होईपर्यंत थांबले. मग दाढ उघडली, पू काढला, आणि ग्लास भरून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. विचारायला तोंड उघडलं, पण तोंड त्यांच्या ताब्यात नव्हतं.

"सकाळी माझ्या वडिलांनी वापरला होता," मी सांगितलं. "त्याच्याआधी मी."

त्या काहीतरी लांबलचक बोलल्या. जीभ बधिर होती, त्यामुळे एक अक्षर कळलं नाही. मी वाट पाहत उभी राहिले. ग्लास हातात धरून त्या बराच वेळ बसल्या, आणि मग तोंडातला पू गिळवेना म्हणून चूळ भरली.

"अजून एकदा," मी म्हटलं.